बसलात ना, मग शिकवा

भागूबाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरला प्रशिक्षणात होतो, आणि खरं सांगायचं तर मी हातातला चहा पूर्ण संपवला. माझ्या जागी कोणीही तेच केलं असतं. कारण त्याआधी बाबा दोनदा गेले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी जुन्नरची मीटिंग अर्धी टाकून धापा टाकत वाडीवर पोचलो, तर बाबा शाळेच्या पायरीवर पहिलीची पोरं घेऊन बसलेले. "आलं का गुर्जी? पोरं सकाळधरनं वाट बघत्यात. लई लांबत्यात राव तुमच्या मिटिंगा." दुसऱ्यांदा त्यांनी जीपवाल्या सोपानला फोनवर खोटं रडायला लावलं होतं. त्यामुळे तिसऱ्यांदा सोपानचा आवाज कापरा झाला तेव्हा मी म्हणालो, "सांग त्यांना, चारपर्यंत येतो." पलीकडून तो म्हणाला, "गुर्जी, ह्या टायमाला खरंच गेलं वं."

मढच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. शाळा पहिली ते चौथी, मंजूर पदं दोन आणि प्रत्यक्षात मी एकटा. मी राहतो नारायणगावला आणि सोपानच्या वडापच्या, सीटा भरल्या की निघणाऱ्या जीपने रोज वर जातो. दुसऱ्या गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, त्यांची खुर्ची तेवढी मागे राहिली. भागूबाबा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे, अक्षरओळख शून्य. नातवंडांचे पालक म्हणून ते एकदा अध्यक्ष झाले आणि नंतर त्यांना काढायची कोणाची छाती झाली नाही.

चार वर्ग एका माणसाने कसे सांभाळायचे, याचं माझं एक तंत्र होतं. चौथीची पोरं पुढे खालच्या मोठ्या शाळेत जाणार, तिथे आपली लाज निघू नये, म्हणून सगळा जीव चौथीत ओतायचा. पहिलीला सकाळी फळ्यावर पाच अक्षरं काढून द्यायची आणि "गिरवा" म्हणायचं. ती बिचारी दुपारच्या खिचडीपर्यंत गिरवत बसायची. चौथीत बाबांचा नातू गणू माझा लाडका होता. पाढे घडाघडा, कविता तोंडपाठ, कोणी पाहुणा आला की मी गणूलाच उभा करायचो.

तर एकदा बाबा गणूला घेऊन जुन्नरच्या स्टँडवर उभे होते. गाडी लागली. बाबांनी विचारलं, "पाटी वाच रं." गणू म्हणाला, "मढ." दोघं चढले, खिडकीची जागा धरली. कंडक्टर तिकिटाला येईतोवर गाडी गाव सोडून बरीच पुढे गेलेली, आणि ती चालली होती घोडेगावला. त्याने दोघांना रस्त्यात उतरवलं. आजा-नातू उन्हातनं चालत परत आले. दुसऱ्या दिवसापासून बाबा ही गोष्ट भेटेल त्याला सांगू लागले, गणू आसपास नसताना आणि नेमकी मी शेजारी असतानाच. मला एका शब्दाने बोलले नाहीत. नुसती गोष्ट सांगायचे आणि शेवटी, "चौथीला हाय बरं का नातू," एवढं जोडायचे. मी पदाचं, शासनाचं, चार वर्गांचं रडगाणं गायलो. त्यावर म्हणाले, "समदं खरं हाय गुर्जी. पण रोपच मरगळल्यालं आसलं तर भाताच्या आवणीला काय लावणार तुमी?"

या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान मला सोडून नेहमीप्रमाणे त्या रिकाम्या खुर्चीवर चहा पीत बसला, तेव्हा बाबा दारात उभे राहिले. "बसलास ना? मंग शिकव." सोपानला वाटलं चेष्टा आहे. बाबांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. "ही मास्तरची खुर्ची हाय. जो बसंल त्यानं पहिलीला अर्धा घंटा शिकवायचं." घाबरलेल्या सोपानने जीपची पाटीच काढून आणली. मढ. कान्यामात्रेची भानगड नाही, दोन अक्षरं. आमच्या पहिलीला आलेला तो पहिला शब्द. आठवडाभरात पोरं जुन्नर आणि ओतूरवर पोचली.

त्यानंतर ती खुर्ची म्हणजे सापळाच झाला. लस टोचायला आलेल्या ताई त्यात अडकल्या. मतदारयादीवाला अडकला. डोंगर बघायला म्हणून आलेल्या माझ्या सासूबाई टेकल्या, त्यांनी बांगड्या काढून बेरजा शिकवल्या आणि जावयापेक्षा आपल्याला बरं शिकवता येतं हे घरी जाऊन सांगितलं. एकदा विस्तार अधिकारी तपासणीला आले आणि थेट खुर्चीत बसले. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण उशीर झाला होता. बाबांनी हात जोडून नियम सांगितला. साहेब हसले, उठले, फळ्यावर 'क' काढून म्हणाले, "क कमळाचा." बाबांची नात तनू पहिलीत होती. तिने विचारलं, "सायेब, ते खात्यात का?" साहेब म्हणाले, नाही. पोरांचा कमळातला रस तिथेच संपला. साहेबांनी पाकळ्या काढल्या, तळं काढलं, घाम पुसला. शेवटी बाबाच दारातून म्हणाले, "काकडीचा सांगा की!" जाताना साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिक्षकाचं बघतो." बाबा म्हणाले, "बघून झालं सायेब. आता धाडा."

शिक्षक आला नाही. बाबा मात्र रोज खुर्ची पुसत राहिले. स्वतः कधी बसले नाहीत. "मला काय येतंय शिकवाया?" म्हणायचे.

शेवटचे भेटले ते जाण्याआधी पंधरवडाभर. चढ चढून आले आणि दम इतका लागला होता की कळायच्या आत त्या खुर्चीत बसले. पोरांनी एकच गिल्ला केला, "बाबा बसले! बाबा, शिकवा!" मी गप्प करायला गेलो तर त्यांनीच हात वर केला. नियम तो नियम. एव्हाना खालच्या शाळेत गेलेल्या गणूच्या गाडीची गोष्ट सांगायला लागले. आम्हा सगळ्यांना ती पाठ होती. कंडक्टरच्या जागी पोरं आधीच हसली. पण त्या दिवशी बाबा पुढे असं काही बोलले, जे कधीच बोलले नव्हते. "मला तितं खालीच कळलं व्हतं, पोराला वाचता येत न्हाई. पाटीकडं बघितलंच न्हाई त्यानं, माज्या तोंडाकडं बघितलं. पण चारचौघात त्याचा पाणउतारा कशाला करायचा... म्हून बसलो गाडीत."

पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहिलो. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं. इतकी वर्षं बाबांनी जो येईल त्याला त्या खुर्चीत बसवून पहिली शिकवून घेतली, आणि त्या खुर्चीत न बसलेला शाळेतला एकच मास्तर होता तो मी, हे मला त्या दिवशी कळलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाबांना जाऊन आता महिना होत आला. पद रिक्तच आहे. दहावं झाल्यावर मी शाळेत गेलो, चौथीला वाचन दिलं आणि सकाळी पहिल्याच तासाला त्या खुर्चीत बसलो. यंदाच्या पहिलीतली कार्तिकी पुस्तक घेऊन आली आणि पानभर धडा न अडखळता म्हणाली. एरवी मी 'शाब्बास' म्हणून सोडलं असतं. पण तिचे डोळे पानावर नव्हते, माझ्या तोंडावर होते. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तिने धडा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला. मागे सगळा वर्ग बघत होता. खिशातल्या चष्म्यावर हात ठेवून मी म्हणालो, "माझा चष्मा घरी राहिलाय गं, मलाही नीट दिसेना. चल, दोघं मिळून लावू." खुर्ची मागे सारली, तिच्याशेजारी सतरंजीवर बसलो आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. खिचडीची सुट्टी झाली तेव्हा आम्ही दुसऱ्या ओळीवर होतो.