खाली करा, वर या

"काकू, वर या," असं घरमालक जिन्यातून सासूबाईंना म्हणाला, तेव्हा मला पुराइतकीच त्याची भीती वाटली. लग्न होऊन पंचवटीतल्या या खोलीत आले तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच, "खोली खाली करा." आणि आज "वर या"? काहीतरी काळंबेरं होतंच.

गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी चढत होतं. धरणातून आणखी सोडणार, असं पोलिसांची गाडी ओरडून गेली होती. पण आमच्या गल्लीत भोंग्यानं कोणी हलत नाही. भाजीवाल्या बायका पाट्या उचलून चढाला लागल्या की मग हलतात. त्या गेल्या, मागोमाग रिक्षाही गेल्या. पाणी पायरीला लागलं तरी सासूबाई पलंगावरच.

"आई, उठा ना! बुडायचंय का?"

"मी उठले की हा कुलूप ठोकेल. मग बसा बोंबलत. कब्जा गेला की गेला."

चिडले मी, पण खोटं काय बोलत होत्या? जुन्या भाड्याची खोली, आत माणूस आहे तोवरच आपली. शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. आमच्या ह्यांना म्हणाल्या, "दार काढ."

"काय?"

"दार काढ रे! दारच नसलं तर कुलूप कशाला लावेल, स्वतःच्या नाकाला?"

लोकांनी गॅस नेला, टीव्ही नेला. आम्ही गुडघाभर पाण्यातून दार नेलं. बिजागऱ्या गंजलेल्या, हे शिव्या घालत स्क्रू काढत होते. मालकाच्या खोलीत दार भिंतीला टेकवलं आणि सासूबाई त्याला पाठ लावून बसल्या. मालकिणीनं चहा दिला, तर सासूबाईंनी तो आधी मला प्यायला लावला. घ्या!

पाणी ओसरलं. चिखल उपसायला खाली उतरलो, तर आमच्या उघड्या चौकटीपुढे मालक उभा. हातात कोरं करकरीत कुलूप.

तो हसला. "काकू, तुमच्यासाठीच आणलं. पुरानंतर चोर फिरतात." कुलूप आणि दोन किल्ल्या त्यानं सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उगाच संशय घेतला माणसावर.

सासूबाईंनी कुलूप उलटंपालटं करून पाहिलं. "नव्या कुलपाला तीन किल्ल्या असतात, मालक. तिसरी?"

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

सासूबाईंनी कुलूप त्याला परत दिलं. दार आम्ही त्याच दिवशी बसवलं. चौकट फुगली होती, तरी ठोकून ठोकून बसवलं. कुलूप जुनंच लावलं.