चार बोटं माया

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. पण चाळीस वर्षं दुकान शाळेच्या फाटकासमोर, त्यामुळे नवीन राहायला आलेली माणसं हमखास फसायची. "मुलगा फार कच्चा आहे हो," असं एका आईने काकुळतीने सांगितल्यावर मास्तर म्हणाले होते, "असू द्या, मी पक्की शिलाई घालून देतो."

शाळेचा निळ्या चौकड्यांचा गणवेश शिवावा तो मास्तरांनीच. माया ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. इतर शिंपी दोन बोटं ठेवत, मास्तर चार. मग दोन वर्षांनी तेच पोर माया सोडायला परत आलं की मास्तर टेप गळ्यात टाकून त्याच्याकडे असे बघत, जणू त्याला यांनीच वाढवलं.

ही वस्ती वसली तेव्हा आम्ही सगळेच तिशीतले होतो. त्यामुळे म्हातारेही सगळे एकदमच झालो. मुलं शिकली आणि शिकली तशी गेली. खेळण्यांच्या दुकानात आता काठ्या नि कंबरेचे पट्टे मिळतात. औषधवाल्याने मधली भिंत पाडून शेजारचं वह्या-पुस्तकांचं दुकान आत घेतलं.

मास्तरांच्याही यंत्राला उसंत नव्हती. पण काम सगळं एकाच जातीचं. विजारी कंबरेत आत घ्यायच्या, बाह्या आखूड करायच्या. माणसं कपड्यांत मावेनाशी होत होती ती आता कपड्यांत हरवायला लागली होती. मीही त्याच कामासाठी जायचे. यजमानांची एक विजार दोन वर्षांत तीनदा आत घेतली.

एकदा मी तिथे असताना पालिकेची एक मुलगी फॉर्म घेऊन आली.

"काका, व्यवसाय वाढला, तेवढाच आहे की घटला? एकावर खूण करा."

"कशासाठी गं?"

"या भागाला उतरती कळा लागली आहे का, ते बघायचं आहे."

मास्तरांनी खडूची टोपली सरकवून फॉर्म वाचला. "धंदा आहे तेवढाच आहे. माप घटलंय. त्याला रकाना आहे का?"

ती हसली आणि 'तेवढाच'वर खूण करून गेली. जाताना तिने आपली पिशवी स्टुलावरून उचलली, तेव्हा मास्तरांचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. ते स्टूल त्यांच्या बायकोचं. काजं-बटणं ती करायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. गिऱ्हाइकाला 'तिथे बसू नका' असं मास्तर कधी म्हणाले नाहीत, पण कुणी बसलं की त्यांची टीप वाकडी जायची.

मास्तरांची मुलगी मोठ्या शहरात. रोज संध्याकाळी फोन करायची. मास्तरांचे हात मोकळे नसत, म्हणून तो कापडाच्या ताग्यावर ठेवून मोठ्या आवाजात चालू असे. सगळ्या गिऱ्हाइकांना त्यांच्या घरातलं सगळं ठाऊक.

"बाबा, तिथे आता कोण आहे तुमचं? म्हाताऱ्यांच्या विजारी?"

"म्हाताऱ्यांना विजारी लागत नाहीत होय?"

शेवटी त्यांच्यात ठरलं. या वर्षी शाळा उघडेपर्यंत एक जरी नवा गणवेश शिवायला आला तर मास्तर राहणार. नाही आला तर दुकान बंद करून तिच्याकडे जाणार. त्यानंतर मास्तरांनी फळीवरचा निळ्या चौकडीचा तागा खाली काढला, झटकला आणि पुढे मांडला.

शाळा उघडायला पाच दिवस होते. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींची देखभाल करायला एक नर्स राहायला आली होती. ती आठेक वर्षांच्या लेकीला घेऊन दुकानात आली.

"हिचा गणवेश शिवून मिळेल का?"

मास्तर उभे राहिले. टेप गळ्यातच असताना सगळीकडे शोधला.

"हात वर. पोट आत ओढू नकोस, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर हुक तुटेल. चार बोटं माया ठेवतो बरं का."

"माया म्हणजे?" पोरीने विचारलं.

"आत लपवलेलं कापड. तू वाढलीस की बाहेर येतं."

"आणि नाही वाढले तर?"

"मग तुझ्या आईला धरून आण, तिला जाब विचारू."

तिसऱ्या दिवशी मी विजार आणायला गेले, तेव्हा गणवेश हँगरवर होता. आणि दारात लेकीसह ती नर्स, हातात एक पाकीट, चेहरा ओशाळलेला.

"मास्तर, चूक माझीच. चौकशी करायला हवी होती. ही शाळा आता हायवेपलीकडच्या शाळेत विलीन केली आहे. इथे फक्त लहान वर्ग. गणवेश राखाडी, तयारच मिळतो. फाटकावर नोटीस आहे."

मास्तरांनी फाटकाकडे पाहिलं. नोटीस महिनाभर त्यांच्या समोर होती. पण जे फाटक चाळीस वर्षं पाहिलं, ते वाचायचं कशाला?

"आणि हा हिला कंबरेत होत नाही," पाकिटातून राखाडी स्कर्ट काढत नर्स हळूच म्हणाली. "मोठं माप संपलंय."

त्यांनी राखाडी स्कर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. "एवढीशीही माया नाही हो यात." मग हँगरवरचा निळा स्कर्ट काढला आणि कात्री घातली. नर्स "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोन लांबट तुकडे निघालेही. राखाडी स्कर्टची कंबरपट्टी दोन्ही बाजूंना उसवून ते त्यांनी आत बसवले.

"वरून पट्टा येतो. दिसणार नाही," ते म्हणाले. "उरलेल्या कापडाची माया आत ठेवली आहे."

"ठेवू नका मास्तर. आजी असेपर्यंतच आम्ही इथे."

"असू दे. जिथे जाल तिथे एखादा शिंपी असेलच."

त्या गेल्या आणि ताग्यावर फोन वाजला.

"बाबा, आला का एखादा?"

मास्तर टेबलावरच्या चिंध्या गोळा करत होते. हो म्हटलं असतं तरी खोटं झालं नसतं. मी विजारीची घडी पुन्हा पुन्हा घालत राहिले.

"आला होता," ते म्हणाले. "उसवला."

पलीकडे ती समजली. शिंप्याचीच पोर. "मग तिकीट काढू?"

"काढ." त्यांनी स्टुलावरचा दोरा उचलला. "पण तारखेला जरा माया ठेव."

"किती?"

"चार बोटं."

"चार बोटं म्हणजे किती दिवस, बाबा?"

मास्तरांनी माझ्या हातातली विजार घेतली, उलटी करून कंबरेची शिवण तपासली आणि म्हणाले, "वहिनी, आत घेतलेलं मी कापलेलं नाही हं. सगळं आतच आहे."