वृंदाताईंचा हेडफोन

वृंदाताईंविरुद्ध तक्रार मी केली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे त्यांच्याबद्दल चांगलं लिहिताना ते लपवायचा मोह होईल.

जपानमध्ये, हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या शेजारी राहत. आता सेंदाईला मुलीकडे असतात. मूळच्या नाशिकच्या, जपानी नवऱ्याबरोबर चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. तो गेल्यापासून इथे एकट्याच राहत होत्या. रोज सकाळी आठला भिंतीपलीकडे नॉर्वेच्या एका गायिकेचा पहिला अल्बम सुरू व्हायचा. त्यात टाळ्या होत्या, खेळण्यातला पियानो होता, कपांवर चमचे वाजत होते. एका गाण्यात त्या मुलीला मध्येच हसू फुटायचं, ती ओळ विसरायची आणि तशीच पुढे जायची. त्या जागी ताईही दर वेळी हसत.

"हिचे पुढचे अल्बम नाही ऐकत तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"ऐकले. चांगले आहेत, पण तिथे ती शहाणी झाली रे. इथे तिला अजून कुणी बघत नव्हतं. एकटं असताना माणूस नाचतो ना, तसं आहे हे." मग दारातल्या माझ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "तू नसशील नाचला कधी. तुझ्या चपलासुद्धा पट्टीने आखल्यासारख्या."

माझी ऑफिसची ऑनलाइन मीटिंगही घरूनच, आठलाच असे. पुण्यात असतो तर दार वाजवून "ताई, जरा हळू" म्हटलं असतं. पण सात वर्षांत मी इथली रीत शिकलो होतो. शेजाऱ्याला तोंडावर बोलायचं नाही. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला कळवायचं, नाव न देता. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक अतिशय नम्र सूचना लागली आणि ताईंच्या टपालपेटीत चिठ्ठी पडली.

त्यांना वाटलं, तक्रार खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मोरी-साननी केली. मिठाईचे खोके घेऊन त्या आधी त्यांच्याकडे, मग आजूबाजूला सगळीकडे माफी मागून आल्या. माझ्याकडेही आल्या.

"तुलाही त्रास झाला असेल. आपला म्हणून बोलला नसशील."

"छे हो ताई, मला कुठे ऐकू येतं," मी म्हणालो, आणि खोका घेतला.

त्यानंतर भिंत गप्प झाली. ताईंनी खुर्च्यांच्या पायांना कापडाचे तुकडे चिकटवले, हेडफोन आणला, स्वतःच्या घरात त्या चवड्यांवर चालू लागल्या. मीटिंगमध्ये मला आता प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येई, आणि माझे कान भिंतीकडे असत. एकदा लिफ्टमध्ये मोरी-साननी विचारलं, "हल्ली वरून गाणं येत नाही. त्या बऱ्या आहेत ना?" मी हो म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये झाडांच्या परागकणांनी इथे निम्म्या लोकांची नाकं चोंदतात, तशी ताईंचीही चोंदायची. एका शनिवारी सकाळी मला करपल्याचा वास आला. मग भिंतीपलीकडे धुराचा अलार्म बोलू लागला, "आग लागली आहे, आग लागली आहे", एका सुरात. तो थांबेना. बेल दाबली, दार बडवलं. आत कुणी हललं नाही. मी बाल्कनीत धावलो. इथे दोन बाल्कन्यांमधला आडोशाचा तक्ता संकटात लाथेने फुटावा इतका पातळ असतो. तो फोडून आत शिरलो.

ताई स्वयंपाकघराकडे पाठ करून बसल्या होत्या. कानांवर हेडफोन, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. मागे जुन्या शेगडीवर कढईतल्या शेंगदाण्यांचा कोळसा झाला होता आणि धूर छतावरून त्यांच्या केसांपर्यंत उतरला होता. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं.

शेगडी बंद करून मी त्यांना बाल्कनीत ओढलं. खोकला थांबल्यावर त्या पहिलं काय बोलल्या, तर, "सतीश, मोरी-सानना सांग हं, मी काही वाजवत नव्हते."

"ताई, मोरी-साननी नाही. तक्रार मी केली होती," मी म्हणालो. "तुम्ही खोका घेऊन आलात, तेव्हाही खोटं बोललो. मला माफ करा."