एका मशीनची पाच मशीनं

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते कोनाड्यातल्या जुन्या किल्ल्यांसारखे साठत जातात. कुलपं कधीच गेलेली असतात, तरी टाकवत नाहीत! माझ्याकडचा सगळ्यात मोठा जुडगा आमच्या शेजारच्या प्रभाकरभावजींचा.

ऐंशीच्या पुढची चार-पाच वर्षं असतील. कर्जतला आमची चाळ, दोन बिऱ्हाडांत एक पातळ भिंत. त्यामुळे चौकशी न करताही बातमी आपणहून यायची. आणि चौकशीही मी करायचेच!

भावजी खालापूरकडच्या एका कारखान्यात स्टोअरला क्लार्क. तिथल्या धुळीनं त्यांना दमा लागला होता. मग त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत घेतलं आणि खोकला थांबला. हे डॉक्टरच्याही आधी मला कळलं, भिंतीतून! पण साहेबांची अट होती : "सहा महिने बघतो. खात्यांच्या तक्रारी आल्या, तर परत स्टोअरला!"

\* \* \*

एका संध्याकाळी ओट्यावर मी विचारलंच, "भावजी, त्या खोलीत तुम्ही नेमकं करता काय?"

"वहिनी, मशीन एकच. पण आत आम्ही त्याची पाच मशीनं केलीत. खरी नव्हेत, नुसती भासाची. पगारखात्याला वाटतं हे आपलंच, स्टोअरला वाटतं आपलंच."

"म्हणजे फसवताच की!"

"फसवत नाही हो, वाटून देतो. मशीनचं डोकं एक. कुणासाठी ते किती वेळ चालवायचं, हे मी ठरवतो."

आतून त्यांची बायको सुशीला म्हणाली, "आणि घरात चार पोरांत एक आंबा वाटायचा, की मला हाका!"

\* \* \*

दसऱ्याला कारखान्यात यंत्रपूजेला घरच्या मंडळींना बोलावलं होतं. मी झेंडूचे हार आणि पाच नारळ घेऊन गेले.

भावजी घाबरले. "वहिनी, पाच कशाला? आणि आत पाणी चालत नाही!"

"पाच मशीनं म्हणालात ना?"

"अहो, खरं एकच आहे."

"मग बाकीच्या चौघांनी काय घोडं मारलंय?"

शेवटी दाराबाहेर, पायरीवर, पाचही नारळ फोडले. वर्षभर मशीन बंद पडलं नाही, एवढं मी सांगते. पुढचं ज्यानं त्यानं ठरवावं!

\* \* \*

चाळीला नळ एक आणि बिऱ्हाडं आठ. भावजींना वाटलं, मशीनची युक्ती इथं लावू. त्यांनी तक्ता करून नळाशी टांगला : प्रत्येकाला इतकी मिनिटं, जो येणार नाही त्याची मिनिटं बाकीच्यांना. तीन दिवस एकही भांडण नाही!

चौथ्या दिवशी एक बाई सगळ्यांच्या आधी हंडा लावून उभी. भावजी म्हणाले, "अगं, तक्ता बघ!"

"तक्ता मशीनला दाखवा. मला डाळ शिजवायचीय!" म्हणाली सुशीला.

\* \* \*

कारखान्यातही तेच. मशीनमध्ये पाचही खात्यांपुढे भावजींनी शंभर-शंभर आकडा लिहिला होता; आकडा कुठलाही चालतो, सगळ्यांचा एकच असला की वाटे सारखे. एखादं खातं गप्प बसलं, की त्याचा वेळ बाकीच्यांना जायचा.

हे स्टोअरच्या कासमभाईंना कळलं आणि त्यांच्या वाट्याचं मशीन जेवणाच्या सुट्टीतही धडधड चालू राहायला लागलं. भावजींनी जाऊन पाहिलं, तर नुसतं एकापासून आकडे मोजत बसलेलं!

"कासमभाई, हे काय काम?"

"काम नाय काय. कशेळ्याच्या एसटीत खिडकीवर रुमाल टाकतो ना, तसा टाकून ठेवलाय. आपली जागा दुसऱ्याला का द्यावी?"

\* \* \*

सहावा महिना संपत आला आणि नेमकी तेव्हाच सगळ्या खात्यांची घाई. पगाराचे म्हात्रे खोलीत येऊन ओरडले, "आमी काय सावत्र हाय का रं? दुसऱ्यांचं पळतंय, आमचंच रडतंय!" बाकीचे चौघंही तेच म्हणत होते. पाचही खात्यांच्या तक्रारीच्या चिठ्ठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सांगितलं, "शनिवारी सगळ्यांना समोर बसवतो."

त्या दिवशी भिंतीतून पुन्हा खोकला ऐकू आला. सुशीलानं पेटीतला स्टोअरचा जुना खाकी शर्ट काढला, धुतला आणि दोरीवर टाकला.

गुरुवारी सकाळी भावजींनी पाचही खात्यांपुढचे शंभर खोडून दोनशे केले आणि प्रत्येकाला कळवलं, "तुमचा आकडा दुप्पट केलाय."

शनिवारी साहेबांसमोर म्हात्रे म्हणाले, "आता कसं पळतंय, साहेब! बघत राहावं." कासमभाईंनी मान डोलावली. बाकीच्या तिघांनी आपल्या चिठ्ठ्या परत मागितल्या.

साहेबांनी भावजींच्या कायम होण्याच्या कागदावर सही केली. मग चष्मा काढून विचारलं, "यांना द्यायला कमी कुणाचं केलंत?"

"कुणाचंच नाही, साहेब. पाचांनाही दुप्पट दिलं."

साहेब जरा चिडूनच म्हणाले, "मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?"