रंगखात्यातलं दूध

वेणूबाईंचं तोंड फार. हे मी मागून बोलत नाही, त्यांच्या तोंडावरही सांगितलं आहे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघी पॅकिंगला होतो. त्या बदलापूर गावातून यायच्या, मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून. रंगाची पूड पिंपातून काढायची, डब्यात भरायची, झाकण ठोकायचं. संध्याकाळी नखं पिवळी, थुंकीही पिवळी. हळदीकुंकवाला गेलं की यजमानीण आधी आमच्या हातांकडे बघायची आणि मग वाण लांबूनच द्यायची.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. खात्यातल्या पर्मनंट पुरुषांना दुपारी पेलाभर दूध मिळायचं. दुधानं पोटातला रंग धुऊन निघतो, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. डॉक्टरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तोंडाला फडकं बांधा आणि धूळ ओढणारा पंखा बसवा. पण पंख्यापेक्षा दूध स्वस्त. आम्ही पडलो ठेक्यावरच्या बायका, म्हणजे आम्हाला पंखाही नाही आणि दूधही नाही.

वेणूबाई वेल्फेअर ऑफिसरकडे गेल्या. विष्णुपंत त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता, फक्त वर विचारल्याशिवाय शिंकतही नसे.

"साहेब, पूड काय कार्ड बघून उडते?" वेणूबाई म्हणाल्या. "हा पर्मनंट, याच्या नाकात जायचं. ही ठेक्यावरची, हिला सोडायचं. असं हाये का?"

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही लोक दूध घरी न्याल. कामगाराच्या तब्येतीचं दूध पोरांच्या पोटात गेलं तर मी वर काय सांगू?"

"एक थेंब गेटाबाहेर जाणार नाय. मी जामीन."

त्या शब्दावर आम्हाला दूध सुरू झालं. नेलेलं सापडलं तर सगळ्यांचंच बंद, हेही ठरलं.

गोदू आमच्यात सगळ्यात लहान. अंगावरचं पोर सासूजवळ ठेवून यायची. अंगात ताकद नाही, दूध आटलेलं. पहिल्याच आठवड्यात तिनं आपला पेला गुपचूप जेवणाच्या डब्यात ओतला आणि वेणूबाईंनी पाहिलं. सगळ्यांसमोर मनगट धरलं.

"ओत परत. एका पोरापायी सगळ्यांच्या तोंडचं काढतेस? लाज नाय?"

गोदूनं दूध परत पेल्यात ओतलं आणि उभ्याउभ्या प्यायली. दूध पिताना रडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. आम्हाला वाटलं, वेणूबाई कडक आहेत, पण बरोबर आहेत. त्यानंतर डब्याकडे कुणी पेला नेला नाही.

आता दिव्याखालचा अंधार सांगते. पुढच्याच उन्हाळ्यात वेणूबाईंच्या मुलाची, आनंदाची, बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. एका वर्कशॉपात तो रोजावर होता. हजेरीवर नावच नव्हतं, त्यामुळे भरपाई कुठली? मलमपट्टीचा खर्च दिला आणि घरी पाठवलं. औषधपाण्यात घरची म्हैस गेली. नात चिमी अडीच वर्षांची, हातापायांच्या काड्या. वेणूबाई पेल्यातला एक घोट घ्यायच्या, पेला धुवायला नळाकडे वळायच्या आणि उरलेलं डब्याच्या खालच्या कप्प्यात ओतायच्या. आम्हाला पत्ता नाही. जो जामीन, त्याच्यावर नजर कोण ठेवणार?

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रांची पूजा, घरच्यांना आत यायला मुभा. वेणूबाईंनी चिमीला नवा फ्रॉक घालून आणलं होतं. विष्णुपंत स्वतः पेढे वाटत होते. तेवढ्यात कँटीनवाल्यानं नेहमीसारखी दुधाची किटली आणून ठेवली. चिमीनं ती पाहिली आणि टाळ्या पिटल्या.

"आजी, आपलं दूध. डब्यात घे ना."

कोणी तरी हसलं. विष्णुपंत कौतुकानं वाकले. "कुठल्या डब्यात गं?"

"खालच्या. आजी रोज आणते मला."

वेणूबाईंना निभावून नेता आलं असतं. पोर काहीही बोलतं म्हणायचं, झालं. तोंड तर होतंच. पण त्यांनी पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे वळून उभ्या राहिल्या. गोदू हातात पेला घेऊन समोरच होती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "तुमी नको म्हटलंत म्हणून मी नाय नेलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिथं उभं राहवेना, मग वेणूबाईंचं काय झालं असेल?

दुसऱ्या दिवशी त्या विष्णुपंतांकडे गेल्या. मला काढा, पण बाकीच्या बायांचं दूध नका काढू, म्हणाल्या. विष्णुपंतांनी त्यांना काढलं नाही आणि दूधही बंद केलं नाही. नवा नियम केला. मुकादमासमोर प्यायचं आणि पेला पालथा करून दाखवायचा. आम्ही पोरंबाळं असलेल्या बाया रांगेत उभ्या राहून पेले पालथे करत होतो. शरमेनं मान वर होत नसे. वेणूबाई सगळ्यात शेवटी उभ्या राहायच्या आणि औषधासारखं डोळे मिटून प्यायच्या. त्यांना कुणी टाकून बोललं नाही. बोलायला हवं होतं.

विष्णुपंतांबरोबरच्या मीटिंगला आता त्या यायच्या नाहीत. म्हणायच्या, कोणत्या तोंडानं येऊ? एकदा गोदूच उठली.

"साहेब, आमचे पेले बघता तसं एकदा पोरांकडं बघा. दूध घरी जातं कारण पोरं घरी हायेत. इथं पाळणाघर द्या, मंग आमचं दूध आमी पिऊ."

पाळणाघर कायद्यात होतंच. त्यात ठेक्यावरच्या बायका मोजायच्या की नाही, यात दोन वर्षं गेली. शेवटी कँटीनमागे पत्र्याची शेड उभी राहिली, पोरांना दूध सुरू झालं. गोदूचं पोर तोवर चार वर्षांचं झालं होतं. आया म्हणून गोदूनं नाव सुचवलं ते वेणूबाईंचं. वेणूबाई नको म्हणाल्या आणि रंगाच्या पुडीतच राहिल्या. नव्वदच्या आसपास खोकला घेऊन घरी बसल्या.

मी एकदा बदलापूर गावात त्यांना भेटायला गेले. चिमीनं चहा केला. पोर आता चांगली अंगापिंडानं भरलेली, शाळेत धावण्यात पहिली आलेली. मला दुधाचा चहा दिला, आजीला कोरा.

"गोदूचा पोरगा कसा हाये?" वेणूबाईंनी विचारलं.

"छान आहे. शाळेत जातो."

"अंगानं?"

"बारीकच राहिला. उंचीही बेताची. बापावर गेला असेल."

वेणूबाईंनी कप खाली ठेवला.

"बापावर नाय गेला," त्या म्हणाल्या. "त्याचा बाप चांगला उंच हाये. मी बघितलाय."