दोन पेरं खोल माती

लताबाई गांगुर्डे उपनगरातल्या एका शाळेत एकवीस वर्षं तिसरीला शिकवत होत्या. गेल्या ऑगस्टमध्ये फळ्यावर तारीख लिहिताना त्यांच्या हातातून खडू पडला. तो उचलायला वाकल्या आणि तिथेच कोसळल्या. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, पण उजवा हात बधिर झाला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडायचे.

बोलण्याचा सराव घ्यायला स्नेहा नावाची थेरपिस्ट घरी येऊन चित्रांची कार्डं दाखवायची. मांजर, कप, छत्री. तिसरीच्या पोरांना घडवलेल्या बाईंना त्या कार्डांची शरम वाटे. त्या तोंड फिरवून घेत.

गॅलरीतल्या बारा कुंड्या लताबाईंच्या हातच्या. आता त्या त्यांचे पती धम्मपाल सांभाळत. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस मायेपोटी सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी ओतायचा. स्नेक प्लांटची पानं बुडाशी पिवळी पडून लोळायला लागली होती. लताबाई खुर्चीतून ते रोज बघत होत्या. एका सकाळी पुन्हा तांब्या कलला.

"नको!"

धम्मपाल जागीच थबकले. "लता, काय म्हणालीस?"

"नको! पा... पाणी. कुज... कुजतंय!"

धम्मपालांचे डोळे भरून आले. लताबाईंना रडायला सवड नव्हती. डाव्या हाताने त्या कुंडी दाखवत होत्या, उपटा म्हणून.

त्या दिवशी दोघांनी कुजलेला भाग कापून टाकला. धड पानांचे तुकडे दोन दिवस सुकवले आणि वाळूमिश्रित मातीत खोचले. स्नेहाला कळलं तशी तिने कार्डं पिशवीत टाकली. "बाई, आता कुंड्यांवरच शिकू. नाव घेतल्याशिवाय कुठल्याच झाडाला पाणी नाही. आणि आधी उजवं बोट मातीत घालायचं, दोन पेरं. ओली की कोरडी, ते तुम्ही सांगायचं."

बोट काही सांगेना. डाव्या हाताने ते उचलून मातीत खुपसायचं, आणि त्याला मात्र कशाचीच जाणीव नाही. लताबाई अंदाजाने काहीतरी सांगून टाकत नसत. "कळ... कळत नाही," म्हणत आणि पुढच्या कुंडीकडे सरकत. रोज बाराच्या बारा. धम्मपाल म्हणाले, "आज राहू दे, दमलीस." लताबाईंनी नकाराची मान हलवली.

फेब्रुवारीत मनी प्लांटच्या कुंडीत त्यांचं बोट एकाएकी थांबलं. "थंड," त्या म्हणाल्या. धम्मपालांनी स्वतः माती चाचपली. खरंच ओली होती.

जूनमध्ये त्या शाळेत हजर झाल्या. मुख्याध्यापिका सुवर्णा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "लताताई, तुम्ही लायब्ररी सांभाळा ना. वर्गात शब्द अडला तर मुलं हसतील."

"हसू... दे. मला तिसरी."

मॅडमनी एक तास देऊन पाहायचं ठरवलं. लताबाईंनी घरून पानफुटीची चाळीस पानं आणली. प्रत्येक मुलाच्या हातात एक पान आणि मातीने भरलेला पेला दिला. बोलताना मध्येच एक शब्द अडला. मुलं ओरडायला लागली, "खोड? फूल? बी?" लताबाई प्रत्येक उत्तराला नकाराची मान हलवत उभ्या राहिल्या. वर्ग हळूहळू गप्प झाला.

"मूळ," त्या म्हणाल्या. "पानाच्या... कडेला मूळ फुटतं."

परिसर अभ्यासाचा तास त्यांना मिळाला. गणित अजून दुसऱ्या बाई घेतात, कारण पाढे म्हणताना लताबाईंचे आकडे उलटसुलट होतात. सध्या त्या घरी साताच्या पाढ्यावर आहेत.