पडद्याच्या दोरीपाशी

रविवार, आठ तारीख, सकाळी साडेआठ. तिकोणा पेठेजवळ, सुनंदाच्या माहेरच्या गावी, पवनेच्या काठावर. उपस्थित: सुनंदाची आई (खुर्चीत), भाऊ, यजमान, मुलगी ऋतुजा, तळेगावला सुनंदा शिकवायची त्या शाळेतल्या सहा शिक्षिका, गावची मंडळी, आणि आमच्या दहावीच्या वर्गातून नीता आणि मी. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये पंचवीस वर्षं काढली की कुठंही गेल्यावर आधी कोण आलंय ते लिहायची सवय लागते. तशी ही नोंद डायरीत आहे. सुनंदाचा दहावा होता. त्याआधी दहा दिवस, शाळेतून येऊन तिनं चहा टाकला, खुर्चीत बसली, आणि मग उठलीच नाही.

आमच्याकडे दहाव्याला माइक असतो. विधी चालू असतो आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलतो. सरपंच बोलले, तिच्या मुख्याध्यापिका बोलल्या, मग शाळेची मैत्रीण म्हणून माझं नाव पुकारलं. माझ्या हातात चिठ्ठी होती. सुनंदाचं अक्षर, तिचं गणित, मुलांना शिकवण्याची तिची पद्धत, माझ्या बाळंतपणात तिनं पोचवलेले डबे… हे सगळं मी नीट बोलले. शेवटी चिठ्ठीवर एकच शब्द होता, गॅदरिंग. तिथं मी अडखळले, आणि म्हणाले, ‘‘आमच्या नाटकात पडद्याची जबाबदारी सुनंदाकडं होती. तिनं दोरी धरली की आम्ही निश्चिंत असायचो.’’ बायकांनी डोळे पुसले. वाक्य खरं होतं. फक्त ती दोरी तिच्या हातात कशी आली, हे मी सांगितलं नाही.

ते आता सांगते.

आम्ही नववीत होतो. सुनंदा लोणावळ्याला मामाकडं राहून शिकायची. नीताच्या वडिलांचं बाजारात व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. बंगल्यांवर सुट्टीला येणारे लोक कॅसेट न्यायचे, कधी स्वतःच्या विसरून जायचे. तशीच एक इंग्रजी कॅसेट नीताच्या घरी आली. अमेरिकेतल्या एका शाळेची गोष्ट होती. एक साधी नवी मुलगी, तिला छळणारी नटव्या मुलींची टोळी, गाडीला टेकून उभा राहणारा हिरो, आणि शेवटी मोठा नाच. पिक्चर विनोदी आहे एवढं कळत होतं, पण इंग्रजी आमच्या डोक्यावरून जात होतं. दहा मिनिटांत कंटाळा आला. तेव्हा सुनंदा उठली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलायला लागली. तिच्या गावच्या भाषेत.

वर्गाबाहेर मुलांच्या लोखंडी कपाटांची रांग दिसली, तर म्हणाली, ‘‘बगा, हितं दर पोराला कपाट. आमच्यात हेडमास्तरांचं बी कुलूप लागत न्हाई.’’ हिरो गाडीला टेकला. ‘‘ए, बापाची हाय गाडी. टेकू नगं, पुसून ठिव.’’ शेवटी नायिका उघड्या खांद्यांचा झगा घालून जिन्यावरून उतरते आणि तिची आई खालून बघत राहते. सुनंदा दोघींच्याही आवाजात:

‘‘पदर कुटं गेला गं?’’

‘‘आये, ह्याला पदर नस्तोच.’’

‘‘मग शाल घे. नाचून नाचून घाम येईल, आन् बाहेर गारठा लय हाय.’’

नीताची आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती, ती हसता हसता खाली बसली. पुढं कितीतरी रविवारी आम्ही तीच कॅसेट लावायचो, आणि सुनंदा दर वेळी नवं काहीतरी बोलायची. मी शेजारी वही घेऊन बसायचे आणि उतरवून घ्यायचे. तेव्हापासूनच मला लिहून ठेवायची सवय.

दहावीत गॅदरिंगला नाटुकलं बसवायचं ठरलं. मी पुढं झाले, कारण वही माझ्याकडं होती. पात्रांची यादी, तालमींचं वेळापत्रक, लागणारं सामान, सगळं एका संध्याकाळी तयार केलं. आणि एक बदल केला. सुनंदाच्या बोलण्यात सगळीच माणसं मावळातली होती. हिरो, हेडमास्तर, त्या नटव्या मुली, सगळेच. म्हणून कुणीच कुणाला हसत नव्हतं, किंवा सगळेच सगळ्यांना हसत होते. मी सगळ्यांना पुस्तकी मराठी दिली आणि फक्त एकीला गावची भाषा ठेवली. शहराच्या शाळेत आलेली वेडगळ मुलगी. तिला टोमणे मारायला, ढकलायला, हसायला बाकीचे. असं केलं की हशा जास्त येईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती भूमिका मी घेतली.

सुनंदानं विचारलं, ‘‘वैशे, मी काय करू?’’

‘‘तू पडदा बघ. तिथं भरवशाचं माणूस लागतं.’’

‘‘बरं,’’ म्हणाली. मग मी तिच्याकडं आणखी एक वस्तू मागितली. माझ्या यादीत ‘लुगडं, जुनं, एक’ असं लिहिलेलं होतं. पुढच्या आठवड्यात गावाहून येताना तिनं आईचं हिरवं लुगडं आणलं. जुनं नव्हतं.

गॅदरिंगला हॉल भरला होता. ते लुगडं घोट्याच्या वर ओढून, बगलेत पिशवी मारून मी स्टेजवर आले, आणि तोंड उघडायच्या आतच लोक हसले. ‘न्हाई’ म्हटलं की हशा, ‘व्हय’ म्हटलं की हशा. मी तर पुढं पुढं नुसतं ‘व्हय’ म्हणत राहिले. मध्येच तिसऱ्या रांगेत मला सुनंदाची आई दिसली. लेकीचं नाटक आहे म्हणून सकाळच्या एसटीनं निघून आली होती. ती हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. मान थोडी पुढं काढून, आपलं लुगडं ओळखू येतंय का, असं बघत होती. मी थांबले नाही. दोरी धरून विंगेत उभ्या असलेल्या सुनंदाकडं मी पाहिलंच नाही… अजूनही मला तिचा त्या वेळचा चेहरा माहीत नाही. पडदा मात्र तिनं अगदी वेळेवर ओढला.

नंतर मी लुगड्याचा बोळा करून तिच्या आईच्या हातात दिला. तिनं तो झटकला, नीट घडी घातली आणि म्हणाली, ‘‘चांगलं बोललीस, बाय. आमच्यावानीच.’’

बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर लेखन म्हणून माझं नाव आलं. त्यानंतर सुनंदानं आमच्यासमोर ती कॅसेट कधी लावली नाही. हळूहळू तिचं बोलणंही बदललं. कॉलेजात गेली तोवर ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलायला लागली होती. मैत्री टिकली, कारण ती तिनं टिकवली. एकदा मी सहज म्हटलं, ‘‘तो पिक्चर लाव ना पुन्हा, तू बोल.’’ ती म्हणाली, ‘‘आता नाही गं जमत.’’ मी मान डोलावली. मोठं झाल्यावर असल्या गोष्टी जातात, असं मी स्वतःला सांगितलं.

दहाव्याला माइकवरून खाली उतरले, तर ऋतुजा चहा घेऊन आली. ‘‘मावशी, आई नुसता पडदाच ओढायची?’’

मी कप हातात घेतला. तीच पुढं म्हणाली, ‘‘घरी तर इंग्रजी पिक्चर लागला की ती आवाज बंद करायची आणि सगळ्यांचं स्वतःच बोलायची. अगदी आजीसारखं. आम्ही पोट धरून हसायचो. पण आधी दार लावायची हं. एकदा मी म्हटलं, मावशीला करून दाखव ना. तर म्हणाली, तिला नको. का हो?’’

‘‘माहीत नाही गं,’’ मी म्हणाले.

निघताना सुनंदाच्या आईच्या पाया पडले. आता ऐंशीला आल्यात. त्यांनी माझा हात धरून ठेवला. ‘‘लय चांगलं बोललीस, बाय.’’ मी गाडीत येऊन बसले. 

ती वही माझ्याकडं आहे. दोनशेपानी, कडा पिवळ्या पडलेल्या. पहिल्या पानावर माझं नाव मोठ्या अक्षरात. आत मात्र सगळी सुनंदा. दहाव्यानंतरच्या आठवड्यात मी दार लावून त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून पाहिलं. ‘पदर कुटं गेला गं…’ दुसऱ्या ओळीला थांबले. माझ्या तोंडी ती अजूनही नक्कलच होते. हे वाचायचं तर ऋतुजानं वाचायला हवं, आजीला समोर बसवून. आणि त्याआधी मी त्या दोघींना सांगायला हवं, की ही वाक्यं कुणाची होती आणि मी त्यांचं काय केलं.

लेख लिहून झाला की काम उरकल्यासारखं वाटतं, म्हणून मुद्दाम नोंदवते. माझ्या रविवारच्या यादीत भाजी आणि गॅस सिलिंडरच्या खाली एक ओळ आहे: ‘तिकोणा पेठ. वही देणे. आईंना सांगणे.’ सलग चार रविवार ती मी पुढच्या पानावर उतरवून घेतली आहे. बाकी सगळ्यांपुढं बरोबरची खूण आहे.